जुन्या गेमबोर्डांवरच्या बॅटऱ्या: कुठली आधी उपटायची आणि कुठलीला शिवायचं नाही?

वेंगुर्लेकर_बंड्या (धागाकर्ता)
व्हिडिओ गेमच्या कॅबिनेटमधून काढलेले चार जुने जॅमा बोर्ड (जॅमा म्हणजे अशा बोर्डांचा ठरलेला कनेक्टर) आहेत, तीन पावसाळे फडताळात पडून. पहिला निओ-जिओ एमव्हीएस, एक कार्ट्रिज घेणारा. कोपऱ्यात पिंपासारखी निळी बॅटरी आणि तिच्याभोवती हिरवट-पांढरी बुरशी. दुसरा कॅपकॉमचा सीपीएस-२, प्लॅस्टिकच्या डब्यातला; हा चालतो. तिसरा सेगा सिस्टिम १६, प्रोसेसरच्या जागी जाडजूड ठोकळा, त्यावर एफडी१०९४ लिहिलंय. चौथ्यावर कंपनीचं नावच नाही, बॅटरीही दिसत नाही.
सगळ्यांच्या बॅटऱ्या काढून सरळ सीआर२०३२ बटन सेल बसवायचा विचार आहे. गणपतीआधी उरकायचंय. बरोबर आहे ना?

ओहममामा
थांबा. सोल्डरिंग आयर्न गरम केला असेल तर आधी प्लग काढा.
‘सगळ्यांच्या’ हा शब्दच घात करेल. बोर्डावरची बॅटरी दोनपैकी एक काम करते. एक, हायस्कोअर, सेटिंग आणि घड्याळ सांभाळणं. ती गेली तर गेम चालतोच, फक्त आकडे पुसले जातात. दोन, रॉममधला कोड उलगडायची किल्ली सांभाळणं. ही किल्ली रॅममध्ये असते, रॉममध्ये नाही. वीज क्षणभर तुटली की किल्ली गेली आणि बोर्ड मेला. यालाच ‘सुसाइड बॅटरी’ म्हणतात.
तुमचा पहिला बोर्ड पहिल्या जातीचा. त्याची बॅटरी आज, आत्ता काढा, नवी हातात नसली तरी. दुसरा आणि तिसरा दुसऱ्या जातीचे. त्यांना पूर्ण वाचल्याशिवाय हात नको.

देवगडचा_हापूस
म्हणजे एकाची काढली नाही तर मरतो नि दुसऱ्याची काढली तर मरतो. सासू-सुनेच्या घरात राहिल्यासारखाच झाला की रे ह्या!

सुरंगी
हापूस, तू काहीही. 😄
बंड्या, एमव्हीएसची निळी बॅटरी म्हणजे ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियम, आत तीन सेल. निओ-जिओ १९९० चा, त्यामुळे मूळ बॅटरी असेल तर तिशी ओलांडलेली. त्यातून गळतं ते पोटॅशियम हायड्रॉक्साइड, म्हणजे अल्कली. ते हवेतला ओलावा ओढून घेतं आणि ट्रॅकवरून हळूहळू पसरत जातं. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवा इतकी दमट असते की ते कधी सुकतच नाही, म्हणून घाटावरच्या बोर्डापेक्षा किनाऱ्यावरचा बोर्ड लवकर खाल्ला जातो.
काढताना ओढू नका, पॅड उखडतात. पाय पक्कडीने कापा, मग एकेक पाय खालून डाग वितळवून काढा. जुना डाग वितळत नसेल तर त्यावर थोडं नवं सोल्डर घाला, लगेच सुटतो. आयर्न २५ वॅटचा पुरे, एका जागी तीन सेकंदांच्या वर धरू नका.

रापण
आणि ती कापलेली बॅटरी नारळाच्या आळ्यात किंवा समुद्रात टाकू नका. कॅडमियम विषारी आहे. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणे ती घरच्या कचऱ्यात जातच नाही. बाटलीत बंद करून ठेवा, ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.

वेंगुर्लेकर_बंड्या
काढली. खाली तांबं काळं पडलंय. धुवायचं कशाने? घरात कोकम आगळ आहे, आंबट असतं म्हणून विचारतोय.

देवगडचा_हापूस
मेल्या, आगळ बोर्डावर ओतशीत तर सोलकढी कशाची करतलंस?

सुरंगी
आगळ नको, आणि कारण आंबटपणा नाही. आगळात मीठ असतं. क्लोराइड तांब्यावर बसलं की अल्कली गेली तरी गंज चालूच राहतो. लिंबातही साखर आणि गर, ते चिकट राहतं. माडाच्या व्हिनेगरमध्ये गाळ असतो. वाण्याकडचं साधं पांढरं व्हिनेगर घ्या, ५ टक्के ॲसेटिक आम्लवालं.
कानात घालायच्या काडीला लावून फक्त बाधलेल्या भागावर फिरवा. पांढरी पूड फसफसते, कारण हायड्रॉक्साइडने हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन तिचं कार्बोनेट झालेलं असतं. फसफस थांबली की व्हिनेगर थांबवा. मग डिस्टिल्ड पाण्याने दोनदा, शेवटी ९९ टक्क्यांच्या आयसोप्रोपिलने. विहिरीचं पाणी अजिबात नको, किनाऱ्यावरच्या विहिरी मचूळ. गॅरेजमध्ये इन्व्हर्टरसाठी ‘बॅटरीचं पाणी’ मिळतं ते चालतं, पण बाटलीवर नीट वाचा. तिथेच शेजारी बॅटरीचं ॲसिडही ठेवलेलं असतं.

खारट_हवा
वाळवण्याबद्दल. तांदळाच्या डब्यात घालू नका, पीठ सॉकेटमध्ये बसतं. पावसाळ्यात ऊन नसेल तर खोक्यात ४० वॅटचा पिवळा बल्ब, बोर्ड एक वीत दूर, खोक्याला वर दोन भोकं. आत ४५-५० अंश झाले की पुरे. रात्रभर ठेवा. व्हायाच्या (बोर्डाच्या दोन बाजूंचे ट्रॅक जोडणारी भोकं) आणि सॉकेटच्या खालचं पाणी तासाभरात जात नाही.

सदाशिवी_शुद्धलेखन
‘ट्रॅक’, ‘व्हाया’, ‘पॅड’... मराठीत शब्द नाहीत का? तांब्याची वाट म्हणता आली असती.

ओहममामा
म्हणा की. पण दुकानात ‘तांब्याची वाट’ मागितली तर तो देवळाचा रस्ता दाखवेल.

झाळकाम
विषयावर येतो. काळं पडलेलं तांबं सोल्डर धरत नाही, डाग गोळी होऊन घरंगळतो. ग्लास फायबरच्या पेनने लाल चकाकी येईपर्यंत खरवडा. त्याची धूळ त्वचेत टोचते, तेव्हा जागा आयसोप्रोपिलने ओली ठेवून खरवडा आणि तोंडाला फडकं बांधा. मग फ्लक्स, मग पातळ सोल्डरचा थर.
त्यानंतर मीटर बझरवर लावून एकेक ट्रॅक या टोकापासून त्या टोकापर्यंत तपासा. वरून अखंड दिसणारा ट्रॅक व्हायाच्या आत तुटलेला असतो, आणि तो नुसत्या डोळ्याला कधीच दिसत नाही. तुटलेला असेल तर ३० गेजची वायर-रॅपची वायर, एका आयसीच्या पायापासून दुसऱ्या आयसीच्या पायापर्यंत. खरवडलेल्या ट्रॅकवर वायर चिकटवू नका, तो सोबत उचलून येतो.
बोर्ड चालू केल्यावर हिरव्या पडद्यावर ‘बॅकअप रॅम एरर’ आणि पत्ता डी०००००च्या आसपास दिसला, तर रॅम चिपला दोष द्यायच्या आधी बॅटरीजवळच्या पत्ता आणि डेटाच्या ओळी तपासा. दहांत आठ वेळा चिप चांगली असते, वाट तुटलेली असते. (सदाशिवी, खूश?) नुसतं ‘कॅलेंडर एरर’ आलं तर घड्याळाच्या चिपकडे बघा, डी४९९०. तिचा क्रिस्टलही बॅटरीच्या शेजारीच असतो.

सदाशिवी_शुद्धलेखन
खूश. वाचनखूण साठवली.

खारट_हवा
आता नवी बॅटरी. इथेच लोक चुकतात. जुनी निकेल-कॅडमियम चार्ज होणारी होती, बोर्डच तिला चार्ज करतो. सीआर२०३२ चार्ज होत नाही, करायला गेलात तर फुगते, फुटूही शकते. म्हणून मध्ये डायोड हवा: सेलच्या प्लसकडे ॲनोड, बोर्डाच्या प्लस पॅडकडे कॅथोड, म्हणजे पट्टी बोर्डाकडे. करंट सेलमधून बोर्डाकडे जाईल, उलट येणार नाही.
मी १एन५८१७ सुचवेन. शॉट्की आहे, त्यात फक्त ०.२-०.३ व्होल्ट पडतात, सेल जास्त दिवस पुरतो.

ओहममामा
इथे मी असहमत. ५८१७ मध्ये व्होल्ट कमी पडतात हे खरं, पण त्याची उलटी गळतीही मोठी, आणि ती उष्णतेबरोबर वाढते. बंद कॅबिनेटमध्ये मे महिन्यात काय तापमान असतं ते तुम्हाला सांगायला नको. साधा १एन४१४८ घ्या. त्यात ०.६ गेले तरी ३.० मधून २.४ उरतात, आणि ६२२५६ जातीच्या रॅमला माहिती टिकवायला २.० पुरतात.

खारट_हवा
पण सेल २.६ वर आला की तुमचा ४१४८ संपला. माझा ५८१७ अजून चालेल.

ओहममामा
लिथियम सेल २.६ वर येतो तेव्हा त्यात उरलेलं असतं तरी किती? त्याचा आलेख शेवटपर्यंत सपाट असतो आणि मग कड्यावरून पडतो. हिशोब बघा: सीआर२०३२ मध्ये २२० मिलिअँपिअर-तास, रॅम आणि घड्याळ मिळून ५ मायक्रोअँपिअर घेतात असं धरलं तर ४४,००० तास, म्हणजे पाच वर्षं. त्या शेवटच्या दोन-चार महिन्यांसाठी सेलला रोज उलटा करंट पाजायचा?

रापण
डायोडची भानगडच नको. सुपरकपॅसिटर लावा, ५.५ व्होल्ट, १ फॅरड. बोर्ड स्वतःच चार्ज करतो.

झाळकाम
रोज चालणाऱ्या कॅबिनेटला उत्तम. पण कोकणात कॅबिनेट मे महिन्यात चालतं आणि मग चाकरमानी परत येईपर्यंत झाकलेलं. १ फॅरड साडेचार व्होल्टवरून दोनवर उतरताना २.५ कूलंब देतो, ५ मायक्रोअँपिअरला पावणेसहा दिवस. त्यात त्याची स्वतःची गळती धरा. गौरी विसर्जनाला स्कोअर शून्य.

सुरंगी
एफरॅम कोणी सुचवायच्या आत सांगते. एफएम१८०८ हा ६२२५६ च्या पायांवर बसतो आणि त्याला बॅटरी लागतच नाही, पण तो पत्ता पकडतो चिप-एनेबलच्या (चिप जागी करणाऱ्या पायाच्या) खाली येणाऱ्या कडेवर. ज्या बोर्डावर चिप-एनेबल दाबूनच ठेवलेला असतो आणि फक्त पत्ता बदलतो, तिथे हा चुकीचं वाचतो. सर्किट न बघता बसवू नका.

वेंगुर्लेकर_बंड्या
एमव्हीएसचं कळलं. डायोड दोन्ही मिळाले, बघतो. आता सीपीएस-२?

ओहममामा
डबा उघडलात की बी बोर्ड (गेमचे रॉम असलेला), त्यावर बॅटरी. जाडी एए सेलएवढी, लांबी त्याच्या अर्धी, ३.६ व्होल्टची लिथियम थायोनिल क्लोराइड. विकत घेताना ईआर१४२५० मागा, पाय जोडलेली. १४२५० या मापात चार्ज होणारे ३.७ व्होल्टचे सेलही मिळतात, ते नकोत. सीआर२०३२ तर नकोच.
मीटरने ३.६ दिसले म्हणून निर्धास्त होऊ नका. ही बॅटरी ९० टक्के रिकामी झाली तरी ३.६ दाखवते. तिचं वय हाच तिचा आकडा. आणि मोजण्याआधी मीटरची लाल वायर अँपिअरच्या भोकात नाही ना, हे दोनदा बघा. त्या भोकात असेल तर मीटर म्हणजे नुसती तार. बॅटरी शॉर्ट, किल्ली गेली.

झाळकाम
बदलायची रीत. बोर्ड कॅबिनेटपासून पूर्ण सुटा, जॅमा कनेक्टरही काढलेला. नव्या सेलला दोन वायरी लावून ठेवा, लाल-काळी, प्रत्येकी बोटभर. बोर्ड उलटा करा आणि जुन्या बॅटरीच्याच दोन पॅडवर खालून या वायरी लावा, प्लसला प्लस. डाग देण्याच्या क्षणी आयर्नचा प्लग भिंतीतून काढलेला हवा. आयर्नचं टोक अर्थ असतं, आणि बोर्ड कुठूनही अर्थला लागला असेल तर प्लस पॅडला टेकताच शॉर्ट. गरम आयर्न प्लग काढल्यावरही अर्धा-एक मिनिट पुरतो, दोन डागांना तेवढं पुष्कळ.
आता दोन्ही बॅटऱ्या जोडलेल्या. लगेच वरून जुनीचा एक पाय कापा, मग दुसरा. दोन्ही पाय एकाच वेळी पक्कडीत धरून कापू नका, पक्कड लोखंडाची आहे. दोन बॅटऱ्या समांतर तासन्‌तास ठेवू नका, नवी जुनीला चार्ज करायला बघते.

खारट_हवा
होल्डर बसवला तर पुढच्या वेळी ही सर्कस नको ना?

झाळकाम
किनाऱ्यावर होल्डर नको. खाऱ्या हवेने स्प्रिंगवर थर बसतो, आणि कॅबिनेट हलवलं की संपर्क तुटतो. स्कोअर जाणं वेगळं, किल्ली जाणं वेगळं. पाय जोडलेला सेल, डाग देऊन.

खारट_हवा
हे मान्य. एमव्हीएसला मात्र होल्डर चालेल.

देवगडचा_हापूस
आणि किल्ली गेलीच तर? बाराव्याचो खर्च किती?

ओहममामा
गेली तर पडद्यावर नुसता एक रंग, गेम सुरूच होत नाही. पूर्वी हा शेवट होता. सीपीएस-२ चं कूटलेखन २००७ मध्ये आंद्रेआस नाइव्ह आणि निकोला साल्मोरिया यांनी उलगडलं, पण किल्ली बोर्डात परत भरता येईना. २०१६ मध्ये एदुआर्दो क्रूझ आणि सोबत्यांनी ती रीत शोधली. बी बोर्डावरच्या सीएन९ कनेक्टरमधून आर्डुइनोसारख्या छोट्या कंट्रोलरने २० बाइटची किल्ली पुन्हा लिहिता येते. गेमप्रमाणे किल्ली वेगळी, आणि त्याच गेमच्या जपानी आणि अमेरिकी आवृत्तीची किल्लीही वेगळी, तेव्हा रॉमवरचं लेबल बघून घ्या. दर वेळी चालू करताना किल्ली भरणारे छोटे बोर्डही निघालेत, मग बॅटरीच नको.
म्हणून आता भीती कमी. तरी जिवंत असलेला बोर्ड मारून पुन्हा उठवण्यात शहाणपण नाही.

मुंबईकर_चाकरमानी
आणि सिस्टिम १६?

सुरंगी
तो ठोकळा म्हणजे ६८००० प्रोसेसर, किल्लीची रॅम आणि बॅटरी, सगळं एकात. बोर्डावर वेगळी बॅटरी शोधू नका, नाहीच. ठोकळा फोडून आतला सेल बदलण्यापेक्षा सोपा रस्ता: कूट उलगडलेले रॉम ईप्रॉमवर (पुन्हा लिहिता येणाऱ्या रॉम चिपवर) भरायचे आणि ठोकळ्याच्या जागी साधा ६४ पायांचा ६८००० बसवायचा. पाय जुळतात.
ठोकळा जिवंत असताना सॉकेटमधून काढला तरी किल्ली आतच राहते. फक्त काढून ॲल्युमिनियम फॉइलवर किंवा आयसी टोचून ठेवायच्या काळ्या फोमवर ठेवू नका. दोन्हीतून वीज वाहते.
अशीच युक्ती कॅपकॉमच्या काबुकी (किल्ली सांभाळणारा झेड८० प्रोसेसर) वाल्या बोर्डांना. उलगडलेला रॉम आणि साधा झेड८०.

रापण
तुमचा चौथा बोर्ड नकली असणार. नकली बनवणाऱ्यांनी कूटच काढून टाकलेलं असायचं, म्हणून बॅटरी नाही. आपल्याकडे जत्रेत नि बाजारात हेच जास्त आले, आणि अजून चालतात ते त्यामुळेच. अस्सलने जीव दिला, नकली जिवंत. अटारीच्या सेंटिपीडवरही बॅटरी नाही, पण तिथे कारण सरळ आहे: स्कोअर ईएरॉममध्ये, जो विजेशिवाय टिकतो.

मुंबईकर_चाकरमानी
विल्यम्सच्या डिफेंडर, रोबोट्रॉनवर तर चक्क रेडिओतले तीन एए सेल असतात, बोर्डावरच. तेही अल्कलाइन, तेही गळतात. होल्डर कापून तीन सेलचा डबा वीतभर वायरीवर कॅबिनेटच्या लाकडी भिंतीला, बोर्डाच्या खालच्या पातळीला लावा. गळलं तर फळीवर गळेल.

खारट_हवा
आणि ते कॅबिनेट जांभ्याच्या भिंतीला टेकवून ठेवू नका, भिंत पावसाळाभर पाझरते. चार बोटं जागा सोडा. जॅमाच्या ५६ पट्ट्या खोडरबराने पुसा, मग आयसोप्रोपिल. ॲक्रिलिक लॅकर मारणार असाल तर दुरुस्ती आणि धुणं संपल्यावर, आणि पट्ट्या व सॉकेट चिकटपट्टीने झाकून. गळतीवर लॅकर मारला तर आतलं आतच खात राहतं.
पुराचं पाणी शिरलेल्या बोर्डाची गोष्ट निराळी. चिपळूणला २०२१ च्या जुलैत शिरलं तसं. तिथे स्कोअरवाल्या बॅटरीचा पाय सगळ्यात आधी कापायचा, धुणं नंतर. ओल्या बोर्डात बॅटरी राहिली की तांबं विरघळून एका ट्रॅकवरून दुसऱ्यावर जातं.

सुरंगी
एक राहिलं. लिथियम थायोनिल गळली तर व्हिनेगर नको. त्यातून ओलाव्याशी मिळून हायड्रोक्लोरिक आम्ल आणि सल्फर डायऑक्साइड निघतो, नाकात झोंबणारा वास येतो. खिडकी उघडा आणि खायचा सोडा पाण्यात कालवून लावा. अल्कलीला आम्ल, आम्लाला सोडा.

वेंगुर्लेकर_बंड्या
एमव्हीएस धुतला, दोन वायरी टाकल्या, गेम चालू झाला, एररही नाही. डायोड १एन५८१७ लावलाय, पट्टी बोर्डाकडे. सेल अजून लावला नाही. गळती आहे की नाही ते कसं कळेल?

ओहममामा
सेलच्या जागी १० किलोओहमचा रेझिस्टर लावा, बोर्ड चालू करा आणि रेझिस्टरच्या दोन टोकांवर मिलीव्होल्ट मोजा. १ मिलीव्होल्ट म्हणजे ०.१ मायक्रोअँपिअर. चार व्होल्टच्या आसपास दिसले तर डायोड उलटा आहे.

वेंगुर्लेकर_बंड्या
४० मिलीव्होल्ट. पंखा बंद करून अर्ध्या तासाने ६५.

ओहममामा
म्हणजे ४ मायक्रोअँपिअर, तापल्यावर साडेसहा. उत्पादकांच्या माहितीपत्रकात सहसा असं असतं की सेलच्या आयुष्यभरात उलटा करंट क्षमतेच्या ३ टक्क्यांवर जाऊ नये. २२० चे ३ टक्के ६.६ मिलिअँपिअर-तास. ४ मायक्रोअँपिअरला १,६५० तास. रोज आठ तास खेळलात तर सात महिने.

खारट_हवा
बरं बाबा, ४१४८ लावा.

वेंगुर्लेकर_बंड्या
४१४८ लावला. मीटर ०.१ आणि ०.२ च्या मध्ये नाचतोय. सेल टाकला, घड्याळ लावलं, बोर्ड रात्रभर बंद ठेवला. सकाळी तारीख बरोबर.
सीपीएस-२ ला ईआर१४२५० मागवलाय, येईपर्यंत डबा बंद. सिस्टिम १६ ला साधा ६८००० शोधतोय, कोणाकडे ६४ पायांचा असेल तर व्यनि करा.

देवगडचा_हापूस
माझ्याकडे शंभर पायांचो एक आसा, काल न्हाणीघरात सापडलो. घेतलंस?